जास्तीचा दिवस

व्यापाऱ्याच्या घरात दिशांची ओळख नकाशावरून होत नाही; ती मालावरून होते. देऊळगावराजाच्या आमच्या कापड दुकानात लहानपणी आम्हाला पश्चिम म्हणजे मुंबईचे मूळजी जेठा मार्केट, कारण कापडाच्या गाठी तिथून येत. जालना म्हणजे रेल्वे, कारण त्या गाठी तिथे उतरत. खामगाव म्हणजे कापसाचा भाव, कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला तरच दिवाळीला आमचे कापड खपे. पूर्वेशी आमचा कसलाच व्यवहार नव्हता. तिकडून केवळ सूर्य उगवत असे.

वरच्या दिशेचा, म्हणजे आकाशाचा, आमच्या गावाशी संबंध आला तो १९४९ साली. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती परत आपापल्या ठिकाणी पोचत. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून, देऊळगावराजा आणि मेहकर यांच्या आसपासून जाते. आजोबा उन्हाळ्यात ओट्यावर झोपत. दुरून घरघर ऐकू आली की ते म्हणत, "मुंबईची पत्रं चालली." त्याआधी सतराच वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते, आणि अहमदाबादला त्या चिमुकल्या विमानाचे इंधन बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला गेले. आजोबांच्या हयातीत आकाश असे हळूहळू उघडत गेले; पण ते उघडले पश्चिमेकडे. पूर्वेचा महासागर ओलांडून कोणी घरचे माणूस जाईल, ही कल्पना त्या ओट्यावर कोणाच्या मनात आली नसावी.

वाचकांना दिग्व्रत नवे नाही. तीन गुणव्रतांतले हे पहिले. श्रावकाने दहाही दिशांना आपल्या येण्या-जाण्याची आणि व्यवहाराची सीमा ठरवायची आणि ती जन्मभर पाळायची. ही सीमा कशी आखावी हे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे: प्रसिद्ध समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश किंवा योजनांचे अंतर यांच्या खुणेने. म्हणजे ही सीमा मोघम नको. शेताच्या बांधासारखी डोळ्यांना दिसणारी हवी. तिचे फळही त्यांनी सांगितले आहे. आखलेल्या रेषेबाहेरच्या जगापुरता गृहस्थ सूक्ष्म पापांतूनही सुटतो आणि तेवढ्यापुरती त्याची अणुव्रते महाव्रतांच्या पंगतीला बसतात.

आईने हे व्रत घेतले तेव्हा आम्ही दोघे भाऊ शाळेत होतो. गावात चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांसमोर तिने आपल्या सीमा सांगितल्या. पूर्वेस सम्मेदशिखर, पश्चिमेस गिरनार, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, उत्तरेस हस्तिनापूर. खाली लोणारच्या सरोवराच्या तळापर्यंत. सुमारे दीडशे मीटर खोल असलेले, अशनीपाताने झालेले ते विवर आमच्याच जिल्ह्यातले, आणि त्याहून खोल जागा तिला ठाऊक नव्हती. वर शिखरजीच्या माथ्यापर्यंत. तो माथा सुमारे १,३६५ मीटर उंच आहे. त्या दिवशी तिच्या मनात विमान नव्हते. परंतु त्या एका ओळीने विमान तिच्यासाठी कायमचे बंद झाले. मुंबईहून नागपूरला जाणारे विमानसुद्धा त्याच्या कितीतरी वर उडते.

या व्रताची किंमत आम्हाला २०१७ साली कळली. धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला होता. त्याला मुलगी झाली. आमच्या घरात तीन पिढ्यांनंतर मुलगी आली होती. त्याने आईला बोलावले. तिने व्रताची आठवण दिली. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आई, नातीपेक्षा व्रत मोठं का?"

आईने फोन माझ्या हातात दिला आणि ती देवघरात गेली.

त्यानंतरचे काही दिवस घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. एका नातेवाईकांनी तोडगा सुचवला: दक्षिणेची आणि पश्चिमेची सीमा कमी करावी आणि तेवढी पूर्वेला वाढवावी, हिशोब सारखाच राहील. आई हसली. उमास्वामींनी या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत वर, खाली आणि आडव्या दिशेला सीमा ओलांडणे हे तीन, ठरवलेली सीमा विसरणे हा एक, आणि क्षेत्र वाढवणे हा एक. सुचवलेला तोडगा म्हणजे नेमका तोच. आईने शास्त्राचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, "एका गिऱ्हाइकाच्या कापडातलं वीतभर कापून दुसऱ्याला जास्त दिलं, तर गज खरा राहतो का?"

परदेशगमनाचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले. मुनींना समुद्र ओलांडता येत नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या तरुण श्रावकाला तयार करून पाठवले. आणि परतल्यावर त्या श्रावकालाही विरोध सोसावा लागला. पुढे १९७० साली चित्रभानूजी आणि १९७५ साली मुनी सुशीलकुमारजी विमानाने परदेशी गेले, तेव्हा समाजात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. १९८० साली आचार्य तुलसींनी समणी परंपरा सुरू करून, वाहनाने प्रवास करू शकणारा साधकवर्ग उभा केला. प्रत्येकाने आपल्या परीने रेषा आखली. आईने कोणाच्या रेषेला नावे ठेवली नाहीत. "त्यांची त्यांच्याजवळ, माझी माझ्याजवळ," एवढेच ती म्हणे. अखेर तिने मला आणि माझ्या पत्नीला जायला सांगितले. बाळासाठी तिने स्वतः शिवलेली दुपटी दिली आणि मला एक नियम दिला: रोज सूर्योदय झाला की एक माळ जपायची आणि खिशातल्या वहीत एक रेघ ओढायची.

एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेला अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ पासून ते पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून जाऊ लागले. अंतर त्यामुळे वाढले, सुमारे १५,३०० किलोमीटर झाले; पण वेळ घटली, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि ते विमानाला पाठीवरून ढकलतात. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे दुकानदाराला पटायला जड. पण तसे होते खरे. आम्ही ऑक्टोबरच्या एका पहाटे अंधारात दिल्ली सोडली. थोड्याच वेळात समोरून सूर्य आला. मी माळ जपली, वहीत पहिली रेघ ओढली.

आमचा चौविहार असल्याने सूर्यास्त कधी, हे आधी विचारून ठेवायला हवे होते, आणि तसे विचारून ठेवलेही होते. आपण पूर्वेला जातो तेव्हा सूर्याच्या उलट धावत असतो; त्यामुळे दिवस आखडतो. बारा तासांचा दिवस सहा-सात तासांतच मावळतो. आधी सांगून ठेवलेले जैन भोजन आम्ही वेळेवर उरकले, पाणी सोडले आणि खिडकीतून पाहत राहिलो. खाली पॅसिफिकवर संध्याकाळ उतरत होती. त्यानंतर काही तास निव्वळ काळोख. एकही दिवा नाही, एकही बेट नाही. सकाळ होण्याआधीच आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो. तिथल्या घड्याळात तारीख तीच होती, जी आम्ही दिल्लीत सोडली होती. शाळेत शिकलेली आंतरराष्ट्रीय वाररेषा आम्ही झोपेत ओलांडली होती. भावाच्या घरी पोचलो तेव्हा पुन्हा सूर्य उगवला. तारीख जुनी, सूर्योदय नवा. मी दुसरी माळ जपली आणि दुसरी रेघ ओढली.

नातीला पाहून झाले, दुपटी तिच्या अंगावर घातली, आईला फोनवरून ती दाखवली. तरीही भावाच्या मनातले शल्य जात नव्हते. तो विषय काढत नव्हता, आणि न काढण्यातूनच तो कळत होता. एका रविवारी तो मला खाडीपलीकडच्या अलामेडा गावी घेऊन गेला. तिथे एक स्मारकफलक आहे. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी याच किनाऱ्यावरून 'चायना क्लिपर' नावाचे विमान पॅसिफिक ओलांडायला निघाले. ते पाण्यावर उतरणारे आणि पाण्यावरूनच उडणारे विमान होते. चार इंजिनांचे, पॅन अमेरिकन कंपनीचे. एडविन म्युझिक हे त्याचे कप्तान. पहिल्या खेपेत फक्त टपाल होते, एक लाखाहून अधिक पत्रे. ते विमान फिलिपाइन्समधल्या मनिलाला पोचले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९३६ मध्ये, त्याच वाटेने तिकीट काढलेले प्रवासी जाऊ लागले. मनिलापर्यंत जाण्याचे भाडे सुमारे ८०० डॉलर होते. इतकी रक्कम त्या काळी धनिकांनाच परवडे.

भावाने ही सारी माहिती आधीच वाचून ठेवली होती. तो सांगत होता आणि मी आमच्या आजोबांच्या कानांनी ऐकत होतो.

ती वाट एका दमात जाण्याची नव्हती. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू, तिथून मिडवे, तिथून वेक, तिथून ग्वाम आणि तिथून मनिला, असे पाच टप्पे. पहिला टप्पा सर्वांत लांब, सुमारे ३,८५० किलोमीटर. तो रात्रभर उडून कापावा लागे. पुढचे टप्पे दिवसाउजेडी होत आणि रात्री प्रवासी बेटावर मुक्काम करीत. साधारण सहा दिवसांत, सुमारे साठ तास उडून, हा प्रवास पुरा होई. जहाजाला याच वाटेला आठवडेच्या आठवडे लागत. मिडवे आणि वेक ही बेटे म्हणजे समुद्रातले ठिपके. तिथे विश्रांतिगृहे बांधण्यासाठी मार्च १९३५ मध्ये 'नॉर्थ हेवन' नावाचे जहाज घरांच्या सुट्या भागांपासून इंधनापर्यंत सारे सामान घेऊन निघाले होते. वेकला विमान उतरण्याइतके मोकळे पाणी नव्हते, म्हणून तिथले प्रवाळाचे खडक सुरुंगांनी फोडावे लागले. मातीही धड नव्हती. म्हणून पुढे तिथे मातीशिवाय, क्षार मिसळलेल्या पाण्यात भाजीपाला पिकवला गेला. मिडवे आणि वेक यांच्या मध्ये वाररेषा. आम्ही झोपेत ओलांडलेली ती रेषा ते प्रवासी जागेपणी, दिवसाउजेडी ओलांडत.

"आणि दादा, खरी गोष्ट पुढे आहे," भाऊ म्हणाला. "माणसंसुद्धा सामानासारखी वजन करून घेत. कारण होनोलुलूच्या टप्प्यावर इंधन जेमतेम पुरायचं. समोरचा वारा वाढला की हिशोब बिघडायचा."

त्या विमानांत एक आलेख ठेवत. किती इंधन जळले, किती उरले, किती अंतर झाले, याची रेघ त्यावर तासातासाला पुढे सरके. वाटेत एक बिंदू असा येई, की तिथपर्यंत माघारी फिरता येते, त्यापुढे नाही. तो बिंदू निघण्यापूर्वीच मांडलेला असे; वारा बदलला तर वाटेत तो पुन्हा मोजला जाई. पण रेघ त्या बिंदूला भिडण्याआधी हिशोब जमत नाही असे दिसले, तर कप्तान विमान वळवून परत आणी. आत बसलेला प्रवासी कितीही मोठा असो, त्याचे काम कितीही निकडीचे असो. अशा अर्ध्या वाटेवरून परतलेल्या खेपा झाल्या आहेत. आणि एवढी खबरदारी घेऊनही समुद्राने आपला वाटा घेतलाच. जुलै १९३८ मध्ये 'हवाई क्लिपर' ग्वाम आणि मनिला यांच्या दरम्यान पंधरा माणसांसह नाहीसे झाले. त्याचा मागमूस आजवर लागलेला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पॅसिफिकवर आले आणि बेटांवरून जाणारी ती प्रवासी वाट बंद पडली.

आम्ही बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होतो. मला वाटले, आता बोलावे. मी म्हणालो, "त्या कप्तानांनी परत फिरायची जागा जमिनीवर असतानाच ठरवली होती. आकाशात गेल्यावर ठरवायला गेलं, तर माणूस आशेने आणखी थोडं, आणखी थोडं करत पुढे जातो. आईनेही तुझी हाक येण्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. हाक आल्यावर ठरवलं असतं, तर ते व्रत राहिलं नसतं."

भावाने मान हलवली, पण तो लगेच म्हणाला, "दादा, ती विमानं परत फिरायची ती पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायला. आई पुन्हा निघणार नाही."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. व्रताची किंमत व्रत घेणाऱ्यानेच चुकवावी असा नियम असला, तरी घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला तिचा काही भाग येतोच. आईने नातीचे पहिले हसणे पाहिले नाही, तिचा पहिला दात पाहिला नाही. ते नुकसान खरे आहे आणि मी ते कोणत्याही शास्त्रवचनाने झाकू इच्छित नाही. मात्र दुसरीही बाजू खरी आहे. ज्या बाईने पन्नास वर्षे दुकानामागच्या घरात राहून आमच्या उलाढालीच्या वाढत्या आकड्यांना कधी हुरळून दाद दिली नाही, जिने सुनांना दागिन्यांची तुलना करू दिली नाही आणि वाटण्यांच्या वेळी स्वतःसाठी एक खोली मागून घेतली, तिचे ते पुरेसेपण याच व्रतातून आलेले होते. आम्हाला तिचे समाधान हवे आणि त्या समाधानाची अट नको, असे कसे चालेल?

भाऊ पुढच्या मे महिन्यात मुलीला घेऊन आला आणि दीड महिना राहिला. त्याने त्यानंतर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. एवढे मात्र मी पाहिले, की आईजवळ बसून तो तिच्या दहा सीमा एक एक करून विचारत होता आणि आई नातीला मांडीवर घेऊन त्या सांगत होती.

आमचे परतीचे विमान पुन्हा पूर्वेलाच, अटलांटिकवरून आले. म्हणजे दिल्लीहून निघून, सतत पूर्वेला जात, पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून आम्ही दिल्लीला उतरलो. घरी आल्यावर आईने पहिल्यांदा वही मागितली. तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जाण्याच्या दिवसापासून येण्याच्या दिवसापर्यंत एकवीस खुणा होत्या. माझ्या वहीत बावीस रेघा.

"एक जास्त कशी?" तिने विचारले. माझ्या हातून गफलत झाली असे तिला आधी वाटले. मी देवापुढचा नारळ घेतला, त्याभोवती बोट फिरवले आणि समजावले: सूर्य जिकडून येतो तिकडेच आम्ही चालत राहिलो, म्हणून तुला तो एकवीस वेळा भेटला आणि आम्हाला बावीस वेळा. पृथ्वीला पूर्वेकडून फेरी घालणाऱ्या प्रत्येकाला असा एक सूर्योदय अधिक मिळतो. तिने नारळ हातात घेऊन स्वतः बोट फिरवून पाहिले. एकदा, दोनदा. मग तिला पटले.

"म्हणजे माल जास्तीचा आला," ती म्हणाली. आमच्या दुकानाची रीत तिला ठाऊक होती. गाठीत एखादा ताका चुकून जास्त आला, तर तो विक्रीला लावायचा नाही. ज्याचा त्याला परत करायचा. "तो दिवस जमेला धरू नकोस. कुठे द्यायचा ते बघ."

मी पुष्कळ विचार केला. दान, उपवास, पूजा, सारे डोळ्यांपुढून गेले. शेवटी एका मंगळवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, मी दुकान बंद ठेवले आणि सकाळपासून सूर्यास्तापर्यंत आईजवळ बसून तिला तो समुद्र सांगितला. तो किती मोठा आहे, त्यावर दिवस कसा लवकर मावळतो, वेक बेटावर मातीशिवाय भाजी कशी पिकली, अर्ध्या वाटेवरून विमाने कशी परतली. तिने मध्येमध्ये प्रश्न विचारले. 'हवाई क्लिपर'ची गोष्ट ऐकल्यावर तिने त्या पंधरा जणांसाठी नऊ वेळा णमोकार म्हटला. दिवेलागणीच्या आधी आम्ही जेवलो.